शुगर आहे? मग डोळ्याचा पडदा तपासून घ्या – माझा अनुभव

मला डायबेटिस आहे, गोळ्या चालू आहेत. मागे एचबीएवनसीचा (तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) रिपोर्ट दाखवायला गेले तर आमचे डॉक्टर म्हणाले काकू, डोळ्याचा पडदा, म्हणजे आतला रेटिना, तपासून या. म्हटलं मला तर सगळं नीट दिसतंय, चष्म्याचा नंबर पण परवाच काढलाय. तर म्हणाले नंबर काढणं वेगळं आणि पडदा बघणं वेगळं, दिसायला कमी होईपर्यंत आत बरंच काही झालेलं असू शकतं.

मुलाला घेऊन गेले, एकटीनं जाऊ नका. आधी भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली, मग मशीनवर हनुवटी टेकवून डोळ्यावर हवेचा फुसकारा मारतात, दचकायला होतं पण दुखत नाही. त्याने डोळ्याचं प्रेशर कळतं, साधारण १० ते २१ च्या आत असलं की नॉर्मल धरतात, काचबिंदूचा संशय त्यातून पण येतो. मग बाहुली मोठी व्हायचे थेंब. चुरचुरतात, थोड्या वेळाने घशात कडू लागतं. शुगरवाल्यांची बाहुली लवकर मोठी होत नाही म्हणे, म्हणून मला परत परत थेंब टाकले आणि डोळे मिटून बसवलं. इथे वेळ जातो, घाईत जाऊ नका.

मग डॉक्टर डोक्याला लाईट लावून हातात भिंग धरून बघतात, वर बघा, खाली बघा, उजवीकडे बघा… लाईट फार प्रखर असतो, पाणी येतं, पण तेवढं सोसायचं. माझ्या पडद्यावर बारीक लाल ठिपके निघाले, म्हणजे शुगरमुळे रक्तवाहिन्या खराब व्हायची सुरुवात. ओसीटी, म्हणजे पडद्याचा स्कॅन, काढला, मधल्या भागात सूज नव्हती म्हणून लेसर नाही, इंजेक्शन नाही. शुगर आणि बीपी कंट्रोलमध्ये ठेवा आणि दिलेल्या तारखेला परत दाखवा एवढंच सांगितलं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते पुढचंच. शरीरातल्या रक्तवाहिन्या काही न कापता थेट दिसतात ती जागा म्हणजे हा पडदा. तिथे खराबी दिसली म्हणून आमच्या डॉक्टरांनी लगेच किडनीसाठी लघवीची तपासणी करायला लावली, तर त्यात प्रोटीन थोडं जायला लागलेलं, बीपीची गोळी बदलली. बघा, डोळ्याला काहीच त्रास नव्हता आणि डोळ्यामुळे किडनीचं कळलं!

थेंबांमुळे चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही, तेव्हा गाडी चालवायची नाही, गॉगल न्या, जुना चष्मा आणि रिपोर्टची फाईल पण न्या.

आणि टाईप २ वाल्यांनी (बहुतेकांना मोठेपणी होते ती शुगर) शुगर निघाली की तेव्हाच पहिली तपासणी करायची, कारण ती कळायच्या आधी कित्येक वर्षं अंगात असू शकते. त्यानंतर दरवर्षी, किंवा डॉक्टर सांगतील तशी. माझ्या जाऊबाईंना आत्ताच शुगर निघालीये, त्यांची अपॉइंटमेंट घेतलीये, मी जाणार आहे सोबत.