हॉटमिक्सखालची मोरी

मे महिन्यात गोव्यातल्या कुठल्याही रस्त्याच्या कामावर कुणाला धीर नसतो. मान्सून साधारण ५ जूनला पोचतो आणि तोवर खणलेलं सगळं बुजवायचं असतं. डिचोली तालुक्यातल्या एका वाड्यावर आमचं कर्ब-गटाराचं काम चालू होतं, मी कंत्राटदाराचा सुपरवायझर. नकाशा सरळ होता: रस्त्याच्या कडेला तयार काँक्रीटचे कर्ब (काठाचे उभे ठोकळे), त्याला लागून उथळ गटार, मीटरला ५ मिलिमीटर उतार आणि शेवटी पाणी व्हाळात, म्हणजे ओढ्यात.

पाणी भरलेल्या नळीनं लेव्हल धरली तेव्हा घोळ दिसला. (नळीत बुडबुडा राहिला की ती बिनदिक्कत खोटं बोलते, म्हणून दोनदा धरली.) रस्त्याचा सगळ्यात खोल भाग व्हाळाजवळ नव्हताच, तो ३० मीटर अलीकडे, एका जुन्या घरासमोर होता. तिथून व्हाळाकडे रस्ता १० सेंटिमीटर चढत होता. म्हणजे उतार राखायचा तर टोकाला गटाराचा तळ रस्त्याच्या २५ सेंटिमीटर खाली न्यावा लागणार. त्याला उथळ गटार म्हणत नाहीत, तो स्कूटर पाडायचा सापळा झाला. उतार सोडून नुसती दोरी ताणून कर्ब बसवले असते तर काम देखणं दिसलं असतं आणि पहिल्याच पावसात पाणी त्या घराच्या आंगणात गेलं असतं. तसं ते दरवर्षी जातच होतं.

त्या घरातली आजी पेजेची ताटली घेऊन सोप्यावर बसून आमची कसरत बघत होती. तिथूनच म्हणाली, ‘‘हांगा मोरी आशिल्ली रे पुता.’’ म्हणजे इथे रस्त्याखालून पाणी जायची वाट होती. कुठे, विचारलं तर हात रस्त्याच्या मधोमध. पलीकडच्या शेतात पाणी जायचं म्हणे, तिच्या लग्नानंतरही कितीतरी वर्षं.

मुकादम हसला. मला मात्र ते पटलं, कारण खोल जागा उगाच तयार होत नाही. शिवाय शेताच्या बांधालगत, अगदी समोरासमोर, अळवाचा हिरवागार पट्टा होता, तोही भर मे महिन्यात. विभागाच्या इंजिनियरना फोन लावला. ते आले, पाहिलं आणि कडेला एक खड्डा मारायची परवानगी दिली.

ब्रेकरनं फोडत गेलो तर हॉटमिक्सचे, म्हणजे गरम डांबर-खडीचे, थरावर थर. दरवेळी जुनं न खरवडता वर नवं अंथरायचं, ही आपल्याकडची पद्धत. रस्ता वर चढतो, घरं आहेत तिथेच राहतात आणि कर्बची १५ सेंटिमीटरची उंची हळूहळू गिळली जाते. थरांखाली तांबडी माती, मातीखाली कुदळ खणकन वाजली. चिऱ्यांच्या दोन भिंती, वर दगडी लाद्या. मोरी!

आत गाळ, मुळं, प्लास्टिक. दोन्ही तोंडांकडून माणसं लावली, लांब बांबूनं ढोसलं. दुपारी टँकर मागवून पाणी सोडलं. बराच वेळ नुसतं वर तुंबत राहिलं, मुकादमाच्या तोंडावर ‘सांगितलं होतं ना’ उमटलं. मग शेताकडून एका पोरानं आरोळी ठोकली आणि लालभडक पाणी धो धो अळवात शिरलं.

पुढचं कागदाचं काम. इंजिनियरनी तिथेच गाडीच्या बॉनेटवर नकाशा दुरुस्त केला: उतार दोन्ही बाजूंनी मोरीकडे, मोरीवर जाळीचं चेंबर, वरच्या लाद्यांऐवजी नवा स्लॅब. हिशेबही केला. ताशी ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० मीटर लांब, ६ मीटर रुंद रस्त्यावर तासाला ३० हजार लिटर पाणी. व्हाळाचीच वाट धरून बसलो असतो तर ते कुठे साठलं असतं, हे आजीला विचारायची गरज नव्हती.

कर्ब बसवताना मी एका गोष्टीवर अडून बसतो: पाठीमागून काँक्रीटचं टेकण. ते नसलं की ट्रकचं चाक लागताच कर्ब मागे कलंडतो, सांधा उघडतो आणि पाणी रस्त्याच्या पोटात शिरतं. गटाराला ठरावीक अंतरावर सांधे सोडले, वर ओली गोणपाटं घातली. त्या उन्हात सात दिवस पाणी मारलं नाही तर काँक्रीटला केसासारख्या चिरा पडतात.

शेवटची लढाई आजीच्या नातवाशी. त्याला स्कूटरसाठी गटारातच सिमेंटचा उतार हवा होता. वाड्यावर सगळे तसंच करतात आणि मग गटार तुंबलं म्हणून पंचायतीत ओरडतात. मी त्याला घरासमोर बुटके कर्ब देऊ केले: चढ कर्बच्या मागे, गटार मोकळं. तो ऐकेना. ‘‘पात्रांव, दोन घमेली टाकली तर तुमचं काय जातं?’’

सोप्यावरून आजीच कडाडली, ‘‘आंगणातलं पाणी उपसायला तू येतोस की मी?’’

बुटके कर्ब बसले.