माझा अनुभव: चार टप्प्यांची माशी आणि अळीत अडकलेले तीन आठवडे

विज्ञानकथेसाठी मला एक परजीवी गांधीलमाशी हवी होती, म्हणजे सुरवंटाच्या अंगात अंडं घालणारी, जिची अळी त्याला आतून खात वाढते. खरी नको, माझी स्वतःची. नाव पहिल्याच दिवशी सुचलं, 'मुक्कामी', आणि सुरळीत पार पडलेलं तेवढं एकच काम. अंडं, अळी, कोष, प्रौढ माशी, म्हणजे दोन संध्याकाळींचा खेळ असं वाटलं होतं.

अंडं घालण्याचा प्रसंग एका बैठकीत लिहून झाला. सुरवंट पान कुरतडतो, त्या पानातून गंध सुटतो, गंधाच्या मागावर मादी येते आणि सुईसारखी अंडनलिका सुरवंटात खुपसते. (गंधाची युक्ती माझी नाही. कुरतडलेली झाडं खरंच असा गंध सोडतात आणि माश्या त्यावर येतात.) कोष विणला, माशी उडाली, खर्डा मैत्रिणीला पाठवला. ती कीटकशास्त्र शिकवते. परत आला तेव्हा समासात एकच ओळ होती: "सुरवंटाच्या रक्तपेशी संपावर होत्या का?"

इथून पुढचे तीन आठवडे गेले.

झालं होतं असं, की सुरवंटाच्या अंगात परकी वस्तू शिरली की त्याच्या रक्तपेशी तिला चिकटतात, थरावर थर चढवतात, वर मेलॅनिनचा काळा लेप बसतो आणि आतलं अंडं गुदमरून मरतं. माझी मुक्कामी मुक्कामाला पोचण्याआधीच संपली होती. मला ठाऊक नव्हतं, हे कबूल. पण चारशे शब्दांचं रसभरीत वर्णन वाचून एका ओळीचा शेरा मारणाऱ्या माणसाचा राग यायचा तो आलाच.

पहिला उपाय: मादी डंख मारून सुरवंटाला कायमचं लुळं करते. उत्तर आलं, चालेल, तशा माश्या आहेत. पण लुळा सुरवंट खात नाही, वाढत नाही. माझ्या कथेत तर त्याला अनेक दिवस हिंडता-फिरताना दाखवायचं होतं. बाद.

दुसरा: अंड्यावर असं आवरण, की रक्तपेशींना ते परकं वाटतच नाही. यावर मी खूश होते. "हे आहे," ती म्हणाली. तिसरा: अंडं थेट मज्जातंतूंच्या गाठीत, जिथे रक्तपेशी पोचत नाहीत. "हेही आहे." तिच्या त्या 'हेही आहे'ने मला जेवढं छळलं तेवढं कुठल्या संपादकाने छळलं नसेल.

शेवटी चिडून लिहिलं, मादी अंड्यांबरोबर एक विषाणू टोचते, तो सुरवंटाची प्रतिकारशक्ती मोडतो, बस्स. फोनवर ती हसतच सुटली. "अगं, हे तर सगळ्यात जुनं!" सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी एका विषाणूचा वारसा माश्यांच्या एका मोठ्या कुळाच्या पूर्वजाच्या जनुकांत कायमचा मिसळला. आता ते विषाणूकण मादीच्या अंडाशयातच तयार होतात आणि अंड्यांसोबत सुरवंटात जातात. तिथे ते रक्तपेशींना निकामी करतात, पण स्वतःची संख्या वाढवत नाहीत.

या शेवटच्या वाक्यावर मी फोन ठेवला. वाढत नाहीत! म्हणजे आईने दिला तेवढाच शिधा. खऱ्या माश्यांत तो पुरतो. माझ्या मुक्कामीत पुरणार नव्हता. बारा दिवसांचा शिधा, आणि त्याच्या आत अळीने वाढ उरकायची. सुरवंट आजारी पडला, खाणं कमी झालं, की अळीची वाढ रेंगाळते, शिधा संपतो, रक्तपेशी जाग्या होतात. कथेला हवा तो ताण इथे मिळाला, आणि तो मी शोधला याचा मला अजून अभिमान आहे. खर्डा परत आला तेव्हा समास कोरा होता.

आधी सांगायला हवं होतं ते आता आठवतंय: नर-मादीचा हिशेब पहिल्या दिवशीच करा. या माश्यांत सहसा फलित अंड्यातून मादी होते, अफलित अंड्यातून नर. नर कधी भेटलाच नाही तरी मादी अंडी घालते, फक्त पिल्लं सगळी नर. हे न कळल्यामुळे माझा एक आख्खा प्रेमप्रसंग वाया गेला.

आणि विष्ठा. यजमानाच्या पोटात राहणारी अळी घाण करत बसली तर दोघेही मरतील. म्हणून तिच्या आतड्याचा मधला आणि मागचा भाग वाढ पूर्ण होईपर्यंत जोडलेलाच नसतो. सगळं एकदमच, शेवटी. खाण्यातही शिस्त: आधी रक्त आणि चरबी, नाजूक अवयव राखून. रक्तरंजित वर्णनं करायचा मोह होतो तिथे हे दोन तपशील लिहा, वाचक जास्त शहारतो.

कोषाबद्दल सांगण्यासारखं काही नाही असं मी समजत होते. कथा छापायला गेली त्या दिवशी मैत्रिणीचा निरोप आला: "हिच्या कोषावर कोण बसतं ते लिहिलंस का?" परजीवीवरही परजीवी असतात, कोषातल्या माशीला खाणारे. त्यातल्या एकीचं शास्त्रीय नाव लायसिबिया नाना. एवढं वडीलधारं नाव, आणि धंदा हा. मी उत्तर दिलेलं नाही.