कॅनव्हासवर का नाही?

प्रदर्शनात कुणीतरी हमखास म्हणतं, "ताई, चित्रच काढायचंय तर कॅनव्हासवर काढा की! मातीची थाळी फुटली म्हणजे?" परवा तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सांगते. (फुटतेच. दर भट्टीत एखादी जातेच.)

आधी मी जलरंगच वापरायची. वरंध घाटात छत्री सांभाळत पावसातले डोंगर काढायचे. दोन-चार चित्रं विकलीही गेली. पण कागदावर डोंगराची ओल उतरायची, वजन काही उतरायचं नाही.

मग एकदा खडी क्रशरवरून गोणीभर कच आणली. काळ्या दगडाची ती भुकटी वस्त्रगाळ केली, चुलीतली थोडी राख मिसळली, पाण्यात कालवून थाळीवर डोंगररांगेसारखी ओतली. भट्टी १२५० अंशांच्या पुढे नेली. थाळी बाहेर आली ती काळीभोर, चकचकीत आणि जिथे थर पातळ होता तिथे गंजाच्या रंगाची. वैशाखात वणवा जाऊन गेलेला उतार असाच दिसतो. रंग दगडातल्या लोखंडाचा. आपला काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. मी तो फक्त परत वितळवला होता. त्या दिवशी मला जेवायची आठवण राहिली नाही.

सोय मात्र कॅनव्हासचीच. तिथे लावलेला निळा निळाच दिसतो. माझं कोबाल्ट ऑक्साइड लावताना काळं असतं, निळं होतं ते भट्टीत. तांबं मोकळ्या हवेत हिरवं येतं, भट्टीची हवा कोंडली तर लाल. शिवाय माती वाळताना आणि भाजताना आटते. माझी साधारण बारा टक्के आटते, त्यामुळे बारा इंचांची डोंगररांग साडेदहावर येते. आता मी डोंगर मोठेच काढते.

होआन मिरोसारख्या मोठ्या स्पॅनिश चित्रकारालाही केलेलं काम बाजूला ठेवून पुन्हा करणं चुकलं नाही. पॅरिसमधल्या युनेस्कोच्या इमारतीसाठी त्यानं कुंभार मित्र आर्तिगास याच्याबरोबर भाजलेल्या फरशांच्या दोन भिंती केल्या, १९५८ साली त्या पुऱ्या झाल्या. आधी भाजलेल्या एकसारख्या चौकोनी फरशा दोघांच्या मनाला आल्या नाहीत. सगळ्या बाजूला ठेवून त्यांनी वेड्यावाकड्या आकाराच्या नव्या केल्या. माझी भट्टी वाया गेली की मी ही गोष्ट घरच्यांना ऐकवते. ते आता कंटाळलेत.

गेल्या वर्षी एका उंच बरणीवर राख जास्त झाली. ग्लेझ, म्हणजे वरचा वितळलेला काचेसारखा थर, त्यानं पातळ होऊन आषाढात कड्यावरून पाणी उतरावं तसं धारांनी खाली आलं आणि बरणी भट्टीच्या फळीला चिकटली. छिन्नीनं सोडवताना फळीचाच तुकडा निघाला, तो अजून तिच्या बुडाला आहे. ती मी टेबलावर मागे ठेवते. तिचाच भाव सगळे विचारतात.