पेवात उतरण्याआधी

लेखन शिबिरात मदतनीस म्हणजे मुलांना लिहायला शिकवणारी, असं माझ्या वर्गातल्या मैत्रिणींना वाटतं. शिकवायचं काम मॅडमचं. माझ्याकडे हजेरी, पेन्सिलींना टोक, मधल्या सुट्टीतलं लिंबू सरबत आणि मुलं घरी गेली की 28 वह्या. मे महिन्यातल्या सांगलीत अकरानंतर मुलांना बसवणं शक्य नसतं, म्हणून शिबिर सकाळी आठला भरायचं आणि ऊन तापायच्या आत सुटायचं. वह्या मी दुपारी पंख्याखाली वाचायचे.

वह्या तपासण्याबद्दल मात्र मला दोन गोष्टी सांगायच्याच आहेत, कारण हे काम मी मन लावून केलं. लाल पेन वापरायचा नाही. बरोबरची खूण करायची नाही, ‘छान’ लिहायचं नाही. समासात पेन्सिलीने एक प्रश्न लिहायचा, आणि तो असा की मुलाला उत्तर डोळ्यांसमोर पाहून देता आलं पाहिजे. ‘तेव्हा तुला काय वाटलं?’ असं विचारलं की सगळी मुलं ‘खूप आनंद झाला’ असं लिहून मोकळी होतात. ‘तेव्हा तुझ्या हातात काय होतं?’ असं विचारलं की पेन्सिल थांबते, मूल छताकडे बघतं, आणि पुढची ओळ त्याची स्वतःची येते.

याची गरज पडते, कारण मुलं शिबिरात येतात ती निबंध पाठ करूनच. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा आणि 45 ला धोका, हे इथल्या पाचवीतल्या पोरालाही ठाऊक असतं. त्यालाच ‘मी पाहिलेला पूर’ लिहायला सांगा. ‘निसर्गाचे रौद्र रूप’ पहिल्या ओळीत येतं आणि घरातलं कपाट कुणी माळ्यावर चढवलं ते कुठेच येत नाही. 1843 साली मराठी नाटक ज्या गावात उभं राहिलं, तिथल्या मुलांच्या गोष्टी जंगलात नाहीतर लंडनमध्ये घडतात आणि ‘तेवढ्यात मला जाग आली’ असं म्हणून संपतात. यात मुलांचा दोष नाही. शाळेत याच वाक्यांना गुण मिळतात, आणि पालक पहिल्याच दिवशी विचारतात की प्रमाणपत्र कधी देणार.

सहावीतली एक मुलगी हरिपूरहून आजोबांच्या सायकलवर मागे बसून यायची. तिने वहीत अर्धं पान लिहिलं. शुद्धलेखन तेवढं सुधारून ते इथे देते.

‘माझे आजोबा हळदीच्या पेवात उतरायचे. पेवाचं तोंड लहान असतं आणि आत खूप मोठं असतं. तोंडावरची माती काढली की आजोबा लगेच उतरायचे नाहीत. थांबायचे. मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचे. कंदील जळत राहिला तर आजोबा उतरायचे. कंदील विझला तर घरी यायचे.’

ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात त्या हरिपूरच्या मातीत हळद साठवायला ही पेवं खणली गेली. रांजणासारखा आकार, दोन-तीन पुरुष खोल. हळद भरून तोंड मातीने बंद केलं की आत हवा जात नाही, म्हणून कीड लागत नाही आणि माल वर्षानुवर्षं टिकतो. पण ज्या कारणाने कीड जगत नाही त्याच कारणाने माणूसही जगत नाही. आतला प्राणवायू संपलेला असतो आणि जड वायू तळाला बसून राहतो. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, फार नुकसान झालं. आता माल गोदामात आणि कोल्ड स्टोरेजमध्ये जातो.

मी समासात लिहिलं, ‘कंदील विझला तर घरी येऊन आजोबा काय करायचे?’ दुसऱ्या दिवशी उत्तर होतं, ‘काही नाही. त्या दिवशी मजुरी नाही.’

अख्ख्या शिबिरातलं सगळ्यात चांगलं लेखन माझ्या हातात आहे, असं मला तेव्हाच वाटलं आणि आजही वाटतं.

मॅडमना ते पटलं नाही. त्या मन लावून शिकवतात, मुलांवर कधी आवाज चढवत नाहीत, हे आधी सांगायला हवं. त्यांचं म्हणणं असं, की ही माहिती झाली, गोष्ट नाही. गोष्टीला अडचण लागते, नायक लागतो, शेवट लागतो. मी वाद घातला. गोष्ट त्या शेवटच्या दोन वाक्यांत पूर्ण आहे म्हटलं, शेवट जोडला की ती मोडेल म्हटलं, मुलांना आपल्या घरातलं लिहू द्या म्हटलं. मॅडम म्हणाल्या, “अगं, तिला ठरवू दे.” हे त्यांनी रास्त केलं. मुलीने ठरवलं आणि चार पानांची गोष्ट लिहून आणली. विक्रम नावाचा मुलगा पेवाचं झाकण उघडतो, आत उडी मारतो, त्याला सोन्याच्या मोहरा सापडतात. तिला हीच गोष्ट जास्त आवडत होती. तिचा चेहरा बघून त्याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती.

शेवटच्या दिवशी पालकांसमोर वाचन झालं. तिने विक्रमची गोष्ट वाचली. खणखणीत आवाजात, न अडखळता. विक्रमने उडी मारली तेव्हा मागच्या रांगेतली मुलं गुडघ्यांवर उभी राहिली. टाळ्या सगळ्यात जास्त तिलाच पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर लोक वडापावच्या टेबलाकडे वळले, तेव्हा तिचे आजोबा मॅडमसमोर येऊन उभे राहिले. टोपी हातात घेतलेली. नातीचं कौतुक ऐकायला आले असतील असं वाटून मॅडम हसल्या.

“बाई, ते पोरगं उडी मारतंय न्हवं का, तेवढं काढा,” ते म्हणाले. “तोंड उघडल्या उघडल्या कुणी उतरत न्हाई. मरतंय माणूस. आन् त्याला काढाय दुसरा उतरतोय, त्यो बी मरतोय.”

मॅडम म्हणाल्या, “आजोबा, ही कल्पना आहे. खोटी गोष्ट.”

“खोटी असू द्या की. पोरं वाचणार न्हाईत व्हय?”

मुलगी शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे हस्तलिखित मागितलं. ते संध्याकाळी झेरॉक्सला जायचं होतं. कागद चिकटवायला मी तिला डिंक दिला. ती खिडकीच्या कट्ट्यावर बसली, आजोबांना दोन वेळा काहीतरी विचारून आली आणि पान जोडून आणून दिलं. आता विक्रम तोंड उघडतो आणि थांबतो. कंदील सोडतो. कंदील विझतो, विक्रम घरी जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो, पुन्हा कंदील सोडतो, तो जळत राहतो, मग दोरी धरून उतरतो. मोहरा आहेत तिथेच आहेत.

मॅडमच्या मते गोष्टीची गती गेली. माझ्या मते विक्रम पहिल्यांदा खरा झाला. यावर आमचं अजून एकमत नाही.

मला वेगळंच सलतंय. मी जे मुद्दे मांडले ते सगळे लेखनाबद्दलचे होते. तिने ते ऐकले, मान हलवली आणि मोहरा लिहिल्या. आजोबांना लेखनाशी काही देणंघेणं नव्हतं. कुणीतरी पोर हे वाचून उतरेल, एवढीच त्यांची काळजी होती. तिने त्याच मिनिटाला पान बदललं. चांगलं काय ते मला दिसत होतं, तरी तिला पटेल असं कारण माझ्यापाशी नव्हतं.

पुढच्या मे महिन्यात मला पुन्हा बोलावलंय. छापायच्या आधी प्रत्येक मुलाने आपलं लिखाण ते काम करणाऱ्या माणसाला वाचून दाखवावं, असं मी मॅडमना सुचवलं. कुंभार असेल तर कुंभाराला, बेदाण्याच्या शेडवर जाणारी आई असेल तर आईला. तीन तासांत एवढा वेळ कुठून काढायचा, असं त्या म्हणतात. मी आठच्या आधी यायला तयार आहे, हे त्यांना सांगून ठेवलंय.