सिव्हिलचा वार, टक्क्यांचं गणित आणि यूडीआयडी कार्ड : माझा अनुभव

आमच्या घरात आता दोन यूडीआयडी कार्डं, म्हणजे दिव्यांगांची देशभर चालणारी ओळखपत्रं, आहेत. एक बहिणीचं, ऐकण्याचं. दुसरं वडिलांचं, लकव्यानंतरचं. दोन्ही अर्ज मीच भरले, दोन्ही वेळा सिव्हिलला, म्हणजे जिल्हा रुग्णालयात, मीच गेलो. कार्ड मिळणं फार अवघड नाही. त्यावर छापलेला दिव्यांगत्वाचा टक्का मात्र पुढची सगळी दारं उघडतो किंवा बंद करतो, आणि तो एकाच दिवशी, एका टेबलावर ठरतो. म्हणून तयारी त्या दिवसाची करायची.

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर होतो, त्याला फी नाही. ऑनलाइन सेवा केंद्रवाला भरून देण्याचे पैसे घेतो, तो त्याचा मेहनताना. पण त्याला एक गोष्ट करू देऊ नका : मोबाइलच्या रकान्यात स्वतःचा नंबर टाकणं. पुढचे सगळे ओटीपी आणि निरोप त्याच नंबरवर जातात. वर्षभराने कार्ड डाउनलोड करायला बसलात की तो नंबर बंद झालेला असतो आणि तुमचा अर्ज तुम्हालाच उघडत नाही. नंबर घरातलाच द्या, शक्यतो आधारला जोडलेला.

नाव आधारवर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर. आधारवर नुसतं जन्मवर्ष असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या. पत्ता आधारवरचा एक आणि राहतो दुसरीकडे, असं असेल तर राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. कार्ड टपालाने येतं, त्यामुळे पत्ता नीट लिहा. ऑक्टोबर 2024 मध्ये नियम बदलले. तेव्हापासून आधार किंवा आधार नोंदणीची पावती सक्तीची आहे, फोटो सहा महिन्यांच्या आतला हवा आणि प्रमाणपत्र देण्याची मुदत एक महिन्यावरून तीन महिन्यांवर गेली आहे. म्हणजे दहाव्या दिवशी चौकशीला जाण्यात अर्थ नाही.

अर्जात दोन ठिकाणी लोक चुकतात. पहिलं, दवाखान्याची निवड. तुमच्या जिल्ह्यातला किंवा जिथे उपचार चालू आहेत तिथला दवाखाना निवडता येतो. पण जवळ आहे म्हणून एखादं उपजिल्हा रुग्णालय निवडलं आणि तिथे कान तपासायचं यंत्रच नसेल, तर अर्ज नुसता पडून राहतो. आधी फोन करून विचारा : टक्के ठरवणारा डॉक्टरांचा बोर्ड कोणत्या वारी बसतो, आणि त्या वारी आपल्या प्रकारचे डॉक्टर असतात का? अस्थिव्यंग, डोळे, कान आणि मानसिक आजार यांचे वार बहुतेक ठिकाणी वेगवेगळे असतात. दुसरी चूक दिव्यांगत्वाच्या प्रकारात होते. 2016 च्या कायद्यात एकूण 21 प्रकार आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, स्वमग्नता, पार्किन्सन हे सगळे त्यात येतात, तरी कित्येक घरांत अजून ‘हातपाय धड आहेत, मग कसलं अपंगत्व’ असंच म्हणतात. दोन त्रास असतील तर दोन्ही नोंदवा. एकच नोंदवला तर एकाच डॉक्टरकडे पाठवतात, आणि दुसरा त्रास हिशेबात येतच नाही.

अर्जाची पावती छापून ठेवा, तिच्यावरच्या नोंदणी क्रमांकावर पुढचं सगळं चालतं. मूळ आधार, पावती, फोटो, जुन्या तपासण्या, डिस्चार्ज कार्ड आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स, अशी एक फाइल करून सकाळी केसपेपरच्या खिडकीवर जायचं. खाजगी डॉक्टरांचे रिपोर्ट जरूर न्या, पण त्यावर टक्के मिळतील या भ्रमात राहू नका. तपासणी तिथे नव्याने होते. ते रिपोर्ट त्रास किती जुना आहे ते दाखवायला उपयोगी पडतात.

वडिलांच्या वेळी एक नियम कळला : लकवा किंवा मेंदूच्या इतर दुखण्यात पहिले सहा महिने टक्के ठरवत नाहीत, कारण सुधारणा चालू असते. त्याआधी गेलात तर परत यावं लागतं. दाखल होतानाच्या कागदावरची तारीख म्हणूनच महत्त्वाची.

कानाच्या तपासणीला सर्दी किंवा कानात मळ असताना जाऊ नये. आधी कान साफ करून घ्यावेत. मोजणी श्रवणयंत्र काढून होते, बंद खोलीत, दोन्ही कानांची स्वतंत्र. लहान मूल शिट्टीला प्रतिसाद देत नसेल तर बेरा तपासणी (आवाजाला मेंदू देतो तो प्रतिसाद यंत्राने मोजणारी) लागते, तिची तारीख निराळी मिळते. चष्मा असलेल्यांचं उलट : नजर चष्म्यासकट मोजतात, त्यामुळे चष्मा घरी विसरणं म्हणजे फेरी वाया.

आता गणित, कारण भांडणं इथेच होतात. दोन कानांच्या टक्क्यांची सरासरी काढत नाहीत. चांगल्या कानाच्या टक्क्यांना पाचने गुणायचं, वाईट कानाचे टक्के त्यात मिळवायचे आणि सहाने भागायचं. एका कानाला 50 आणि दुसऱ्याला 80 टक्के दोष असेल तर 250 अधिक 80, म्हणजे 330. भागिले 6, उत्तर 55. एक कान पूर्ण बंद आणि दुसरा ठणठणीत असेल तर हेच गणित जेमतेम 17 वर येतं. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा नीट असेल तर 30 टक्के धरतात. बहुतेक योजना 40 पासून सुरू होतात, म्हणून एक कान किंवा एक डोळा गेलेल्यांना प्रमाणपत्र मिळतं, पण लाभ जवळपास मिळत नाहीत. अन्याय वाटतो खरा, पण डॉक्टरशी वाद घालून हा तक्ता बदलत नाही.

दोन दिव्यांगत्वं असतील तर तीही सरळ मिळवत नाहीत. मोठा आकडा पूर्ण घेतात. 90 मधून तो वजा करून जे उरतं, त्याला लहान आकड्याने गुणून 90 ने भागतात, आणि ते त्यात मिळवतात. ऐकण्याचे 55 आणि डोळ्याचे 30 असतील तर 55 अधिक साधारण 12, म्हणजे 67. लोक 85 धरून येतात.

हा फरक कुठे लागतो ते पाहा. 40 ला एसटीत 75 टक्के सवलत सुरू होते. 65 च्या पुढे सोबत्यालाही 50 टक्के सवलत मिळते. 80 ला दिव्यांगत्व तीव्र धरतात : प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत वजावट 75 हजारांवरून सव्वा लाखावर जाते. कार्डाचा रंगही आता यावरच ठरतो. 40 च्या खाली पांढरं, 40 ते 79 पिवळं, 80 आणि पुढे निळं. म्हणून वरच्या उदाहरणात डोळा नोंदवायला विसरला असता तर 55 वरच राहून सोबत्याची सवलत गेली असती.

रेल्वेचं मात्र वेगळंच आहे. तिथे नुसता टक्का बघत नाहीत. सोबत्याशिवाय प्रवास न करता येणारे अस्थिव्यंग आणि बौद्धिक दिव्यांग, पूर्ण अंध, आणि ऐकणं-बोलणं दोन्ही पूर्ण नसलेले, अशा गटांनाच सवलत आहे. 60 टक्के श्रवणदोष असूनही बोलता येणाऱ्या माणसाला एसटीत सवलत मिळते, रेल्वेत नाही. जे या गटांत बसतात त्यांनी रेल्वेच्या नमुन्यातलं सवलत प्रमाणपत्र सरकारी डॉक्टरांकडून शिक्क्यानिशी भरून घ्यावं, जमल्यास बोर्डाच्याच दिवशी. पुन्हा त्याच डॉक्टरांना गाठणं म्हणजे आणखी एक दिवस.

प्रमाणपत्र हातात आलं की टक्क्याइतकंच ‘कायमस्वरूपी’ की ‘तात्पुरतं’ हेही वाचा. तात्पुरतं असेल तर त्यावर मुदत असते. ती संपायच्या दोन-तीन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज टाकला नाही तर पेन्शन मध्येच थांबते. टक्के चुकले असं खरंच वाटत असेल तर 90 दिवसांत लेखी अपील करता येतं. सोबत नवा रिपोर्ट जोडला तरच त्यात दम असतो. महाराष्ट्रात आधी ‘एसएडीएम’ या प्रणालीवर निघालेली प्रमाणपत्रं ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी अर्जात जुनं प्रमाणपत्र असल्याची नोंद करून ते जोडावं. नव्याने कोरा अर्ज टाकला की एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात आणि दोन्ही अडकतात.

पुढचे अर्ज : संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील. 40 टक्के दिव्यांगत्व, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50 हजारांच्या आत आणि राज्यात 15 वर्षांचं वास्तव्य असावं लागतं. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांना महिना 2500 रुपये मिळतात. पैसे न येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे खातं आधारशी नुसतं जोडलेलं असतं, पण थेट अनुदानासाठी नोंदलेलं नसतं. बँकेत हे दोन वेगळे अर्ज आहेत, आणि खिडकीवरचा माणूस आपणहून सांगत नाही. कुबड्या, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र यांसाठी केंद्राची एडिप योजना. मासिक उत्पन्न 22,500 पर्यंत असेल तर साधन मोफत, 30 हजारांपर्यंत निम्म्या किमतीत. माप घेण्याची शिबिरं अॅलिम्को, म्हणजे अशी साधनं बनवणारी केंद्र सरकारची कंपनी, भरवते.

आणि ग्रामपंचायत. प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, पण यादीत नाव नसेल तर वाटपाच्या दिवशी कोणी बोलवत नाही. कार्डाची झेरॉक्स लावून ग्रामसेवकाकडे नावनोंदणीचा अर्ज द्या. आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपतं, तेव्हा दिवाळीच्या सुमारास द्या, आणि आवक नोंदीचा क्रमांक पोचवर घेतल्याशिवाय तिथून उठू नका.