नावापुढचा ‘जी’

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. निवडणूक ड्यूटी म्हणजे एसटीतून यंत्रं नेणं, शाळेतच सतरंजीवर पाठ टेकणं आणि पहाटे उठून मॉक पोल, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ. त्यामुळे ४ जुलै २०२४ ला लंडनमधल्या हॅरोत, एका चर्चच्या हॉलमध्ये मी पोल क्लार्क म्हणून बसणार, असं कळल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, “पोलीस किती देतात गं?” एकही नाही, हे तिला काही पटलं नाही.

सकाळी साडेसहाला हजर व्हायचं आणि रात्री साडेदहापर्यंत जागा सोडायची नाही. डबा आपला आपण न्यायचा. टेबलावर छापील मतदार यादी, पट्टी, पेन आणि मतपत्रिकांचं बुक. बूथमध्ये दोरीला बांधलेली पेन्सिल. मी नाव शोधून यादीत रेघ मारायची, शेजारच्या मुलाने मतदार क्रमांक टिपून मतपत्रिका द्यायची. बस्स. सार्वत्रिक निवडणुकीत फोटो ओळखपत्र पहिल्यांदाच सक्तीचं झालं होतं, त्यामुळे थोडी धावपळ, एवढंच. एका गुजराती आजींनी ज्येष्ठांचा बसपास दाखवला, मत दिलं आणि जाताना सवयीने डाव्या हाताचं बोट माझ्यापुढे धरलं. इथे शाई लावत नाहीत म्हटल्यावर जरा हिरमुसल्या.

आम्हाला ताकीद होती की तोंडातून राजकारणाचा शब्द काढायचा नाही आणि अधूनमधून बूथमध्ये डोकावून कुणी प्रचाराचं पत्रक टाकून गेलंय का ते बघायचं. अकराच्या सुमाराला मला एक सापडलं. गुळगुळीत कागद, त्यावर समुद्रातली रबरी होडी आणि तीत कोंबून बसलेली माणसं. सहा आठवडे टीव्हीवरही तेच बघत होतो. २२ मेला पंतप्रधान सुनक यांनी भर पावसात निवडणूक जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी सरकारी आकडा आला: २०२३ सालचं निव्वळ स्थलांतर, म्हणजे आलेले वजा गेलेले, ६,८५,०००. मग हा आकडा कोण किती खाली आणणार, याची बोलीच लागली. सुनक यांना होड्यांतून आलेल्यांना आफ्रिकेतल्या रवांडाला धाडणारी विमानं उडवायची होती, लेबर पक्षाच्या स्टार्मर यांना ती योजना गुंडाळून तस्करांच्या टोळ्या मोडायच्या होत्या, आणि रिफॉर्म पक्षाच्या फराज यांना बिनगरजेचं स्थलांतरच गोठवायचं होतं. चित्र मात्र सगळीकडे होडीचं. होड्यांतून त्या वर्षी तीस हजारांच्या आत माणसं आली. बाकीची बहुतेक फी भरून, व्हिसा घेऊन, विमानाने. त्यांत सुमारे अडीच लाख भारतीय. आम्हीही २०२३ मध्येच आलो, नवरा नोकरीच्या व्हिसावर, मी आणि लेक त्याच्यावर अवलंबून. म्हणजे त्या आकड्यात आम्ही तिघंही होतो. मी पत्रक दुमडलं आणि कचऱ्याच्या पिशवीत टाकलं.

साडेबाराच्या आसपास एक बाई आल्या. पन्नाशीच्या, कामावरून तशाच आलेल्या, पायात पांढरी धूळ बसलेले बूट. हातात पोलंडचा पासपोर्ट आणि घडी घातलेलं पोल कार्ड, मतदाराला घरी येणारं ते सूचनापत्र. पत्ता विचारला, नाव सापडलं, पट्टी ठेवली आणि पेन थांबलं. नावापुढे इंग्रजी ‘जी’ छापलेला होता. युरोपीय नागरिक, पार्लमेंटला मत नाही. कार्ड उलगडून पाहिलं तर ते मे महिन्यातलं, लंडनच्या महापौर निवडणुकीचं.

“मेमध्ये मी याच टेबलावर मत दिलं,” त्या म्हणाल्या.

“ती स्थानिक निवडणूक होती.”

“मी २००५ पासून इथे आहे.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी केंद्राध्यक्ष बाईंना खूण केली. त्या उठून आल्या, हळू आवाजात समजावू लागल्या. रांग खोळंबू नये म्हणून मी पुढच्याला बोलावलं.

पुढचा होता एक विद्यार्थी. विशीतला, पाठीवर बॅग, हातात आपला निळा पासपोर्ट. यादीतलं नाव, मधे वडिलांचं नाव, शेवटी आडनाव. गाव विचारायची गरजच नव्हती. त्याने माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र पाहिलं आणि थेट मराठीत, जरा घाबरतच विचारलं, “ताई, मला खरंच देता येतं का? मी सप्टेंबरात आलोय.”

येतं. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक, कायदेशीर व्हिसा, यादीत नाव. इथला हा नियम साम्राज्याच्या काळापासूनचा. १९१८ च्या कायद्यात ‘ब्रिटिश प्रजे’ला मत होतं, पुढे साम्राज्य गेलं, हक्क तेवढा राहिला. आयर्लंड, माल्टा, सायप्रस सोडले तर युरोपातल्या कुणाला तो नाही. २०१६ च्या ब्रेक्झिटच्या मतदानातही नव्हता.

मी रेघ मारली. मतपत्रिका घेऊन तो बूथकडे गेला. पोलंडच्या बाई अजून तिथेच उभ्या होत्या. त्यांची नजर त्याच्या पासपोर्टवरच्या सिंहांवर होती. मग त्यांनी आपला तांबडा पासपोर्ट उचलून मला दाखवला.

“हाही पासपोर्टच आहे.”

आवाज चढवला नाही. उलट शांतपणे हिशोब सांगितला: नागरिकत्वाचा अर्ज माणशी १,६३० पौंड, नवरा-बायको मिळून तीन हजारांवर, दर वर्षी पुढच्या वर्षी करू म्हणत राहिलो. केंद्राध्यक्ष बाई मान हलवत ऐकत होत्या. मला वाटत होतं, मला इथे येऊन दोन वर्षंसुद्धा झालेली नाहीत आणि माझं मत पोस्टाने कधीच गेलंय, हे सांगून टाकावं. सांगितलं नाही. नियमात बसलं नसतं. खरं तर धीर झाला नाही.

त्या गेल्या. जाताना कार्ड टेबलावर ठेवू लागल्या, मग परत घडी घालून खिशात टाकलं. तोवर तो मुलगा पेटीत मत टाकून आला होता. दाराबाहेरच्या पाटीजवळ उभा राहून त्याने सेल्फी काढला. डावं बोट वर करून.

रात्री दहाला दार लावलं, पेटीची खाच सील केली. कुणाच्या तरी फोनवर एक्झिट पोल आला: लेबर ४१० जागा. शेजारचा मुलगा “ओह” म्हणाला आणि मतपत्रिकांचा ताळा जुळवू लागला. यादी पाकिटात घालण्याआधी पानं सारखी करताना तेच पान वर आलं. वरच्या नावाला रेघ, खालच्या नावाला रेघ. मी पान उलटलं आणि पाकिटाला चिकटपट्टी लावली.