आंब्यातली, कारल्यातली, करंबळातली

मृगाची पहिली सर पडली की आंबा खायचा नाही, हे आमच्याकडे कुणी कुणाला सांगत नाही. तरी शेवटचे चार रायवळ मी दरवर्षी आणतोच. परवा दुपारी त्यातला एक चिरला, तर कोयीच्या अंगाला पांढरी अळी वळवळत होती. आणि खिडकीच्या काचेवर एक माशी. अळीची आई असावी असं उगाच वाटून गेलं.

भिंग आणून पाहिलं. आकाराने घरमाशीएवढीच, पण थाट गांधीलमाशीचा. खांद्यामागे दोन पिवळे पट्टे, पंखांना काळी किनार, पोटावर इंग्रजी टीसारखी काळी खूण. म्हणजे फळमाशी, बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. केळ्यांवर घोंगावतं ते चिलट निराळं. इंग्रजीत दोघांनाही फ्रूट फ्लायच म्हणतात, त्यामुळे प्रयोगशाळेत नाव काढलेल्या चिलटाची पुण्याई या आंबेनाशीला फुकट मिळते. आपल्याकडे चिलट ते चिलट. त्याखेरीज मुरकुटं, घुंगुरटं, केमरं आहेतच.

आजीची वर्गवारी मात्र फळावर चाले. ही आंब्यातली, ती पेरवातली, ती कारल्यातली, ती करंबळातली, म्हणजे स्टार फ्रूटमधली. फळमाशीची अळी अंगाची कमान करते आणि टुणकन उडते. सुट्टीत आम्ही भावंडं सारवलेल्या खळ्यात त्यांच्या शर्यती लावायचो. माझी अळी कधीच जिंकली नाही. ती जागच्या जागी उडायची, किंवा मागे. आजी आढीतले आंबे चाचपत बसलेली असे. तिथूनच ओरडायची, "मेल्यांनो, हात धुतल्याशिवाय आंब्यांना शिवायचं नाही!" वास्तविक त्या आंब्यातूनच आलेल्या होत्या.

हेंडेल नावाच्या शास्त्रज्ञाने 1912 मध्ये तैवानच्या माशीवरून डॉर्सालिसचं वर्णन केलं. 1994 मध्ये ड्रू आणि हॅनकॉक या दोघांनी तिच्या गोतावळ्याच्या वाटण्या केल्या. एकीचं नाव फिलिपिन्सवरून, एकीचं पपईवरून, एकीचं करंबळावरून. म्हणजे आजीचीच पद्धत! आफ्रिकेत नव्याने शिरलेल्या माशीला 2005 मध्ये आणखी एक नाव मिळालं, इन्व्हेडेन्स, म्हणजे घुसखोर. मग 2015 मध्ये बऱ्याच जणांनी मिळून कागदपत्रं पुन्हा तपासली. पपईवाली, फिलिपिन्सवाली आणि घुसखोर या तिघी डॉर्सालिसच निघाल्या. पिंजऱ्यात एकत्र ठेवल्या तर त्या आपसात खुशाल संसार थाटत होत्या. वाटण्या झाल्यात हे त्यांना कुणी कळवलंच नव्हतं.

वेगळी राहिली ती करंबळवाली, कॅरँबोली. हे नाव वाचताना मी थबकलोच. कॅरँबोला हा शब्द पोर्तुगीजांनी आपल्याच किनाऱ्यावरून उचलला, आपल्या करंबळावरून. विहिरीकडेच्या झाडाखाली आंबट खाऊन दात आंबवून घेतलेला माणूस मी. तो शब्द लॅटिन वेष चढवून असा समोर येईल असं वाटलं नव्हतं. आमच्या करंबळात वळवळायची ती बहुतेक साधी डॉर्सालिसच असणार. पण हे आजीला कोण सांगणार? कारल्याच्या बाबतीत तर ती पूर्ण बरोबर होती. काकडी-कारल्यातली माशी खरोखरच निराळी, आणि आता तिला बॅक्ट्रोसेरातूनही काढून झ्युगोडॅकसमध्ये बसवलंय.

बागेत माश्या पकडायला प्लास्टिकच्या डब्यात मिथाइल युजेनॉल या वासाच्या रसायनाचा बोळा टांगतात, तशी काही सोय घरात नव्हती. शिवाय त्या वासाला फक्त नर भुलतात. आमच्या खिडकीतल्या बाईसाहेबांच्या शेपटाला अंडी घालायची सुई स्पष्ट दिसत होती. नक्की कोण ते ठरवायचं तर ती सुई मोजायला हवी. मी पट्टी आणायला उठलो, आणि आंब्याला आणखी कुणी बसू नये म्हणून ताटलीवर जाळी झाकून गेलो.

परत आलो तर काच मोकळी. माशी जाळीच्या आत होती.